देवाचा दिवा आणि देहाचा नेम

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आषाढी एकादशी जवळ आली. त्या दिवसापासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. या चार महिन्यांत काहीतरी नेम धरायचा ही आपली जुनी रीत. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी पोथीचा रोज एक अध्याय वाचतं, कुणी लक्ष वाती वळतं. ग्रुपवर परवापासून विचारणा सुरू झाली आहे, "ताई, यंदा कोणता नेम धरायचा?" त्यावर मला जे सुचलं ते आज लिहिते. मी काही मोठी अभ्यासक नाही. बी.ए. झालेली, संसार सांभाळणारी, तुमच्यातलीच एक आहे. स्वतः ठेच खाल्ली म्हणून सांगते.

*आधी माझी चूक सांगते*

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी रोज सकाळी अर्धा तास चालत होते. घरापासून स्टेशनच्या रस्त्याने जायचं आणि परत यायचं. मग दिवाळीनंतर मुलाचं लग्न निघालं. खरेदी, पत्रिका, गावाकडच्या फेऱ्या, भुसावळ पॅसेंजरला बसून अमळनेरला जाणं-येणं. म्हटलं, लग्न पार पडू दे, मग चालू. लग्न झालं आणि दोनच महिन्यांत सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. म्हटलं, आई जरा बऱ्या होऊ देत, मग चालू. मग सुनेला दिवस गेले, नातू झाला. म्हटलं, बाळ जरा मोठं होऊ दे.

असं करता करता चौदा महिने गेले. गंमत म्हणजे मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट आत कुठेतरी बरं वाटत होतं की बघा, मी स्वतःसाठी एक मिनिटसुद्धा घेत नाही, सगळं सेवेत घालवते. केंद्रात बायका म्हणायच्या, "ताई, तुमचं बघून शिकावं." मीही ते कौतुक ठेवून घेतलं.

मग एका पहाटे आई न्हाणीघराच्या दाराशी घसरून खाली बसल्या. आमच्या ह्यांची एम्ब्रॉयडरी खात्यात रात्रपाळी होती, बारा तासांची. मुलगा बाहेरगावी, सून बाळाला घेऊन माहेरी. मी वाकले, आईंच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेले. कमरेत अशी कळ आली की मीच त्यांच्या शेजारी खाली बसले. मला उठता येईना. शेजारच्या भाभींना हाका मारल्या, पण नळाला पाणी आलेलं, मोटरीच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. पाऊण तास आम्ही दोघी सासू-सुना फरशीवर बसून होतो.

आईंची वाचा झटक्यानंतर जड झाली आहे. तरी त्या थांबत थांबत एवढं बोलल्या, "तूच पडलीस तर मला कोण उचलेल?"

त्यांनी काळजीने विचारलं होतं, रागाने नाही. पण मला ते आजही टोचतं. मी ज्याला त्याग म्हणत होते, त्याने माझी सेवा करायची ताकदच काढून घेतली होती. डॉक्टरांनी तपासलं तर साखर वाढलेली आणि कमरेचे, मांड्यांचे स्नायू अगदी ढिले पडलेले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही दमताय खूप, पण व्यायाम करत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

*एका काकूंचा प्रश्न*

पंधरा दिवस पाठ टेकून काढले. भेटायला केंद्रातल्या एक वयस्कर काकू आल्या. मी त्यांच्यापुढे रडगाणं गायलं, "काय करू काकू, वेळच मिळाला नाही." काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "या चौदा महिन्यांत देवाजवळ दिवा लावायचा राहिला का गं कधी?"

मी म्हटलं, "नाही काकू. कितीही गडबड असली तरी दिवा लागतोच."

"पूजा रोज पूर्ण होत होती?"

"नाही. कधी अभिषेक, स्तोत्र, आरती सगळं व्हायचं. लग्नाच्या गडबडीत नुसता दिवा आणि हात जोडणं. आई दवाखान्यात होत्या तेव्हा तिथूनच मानसपूजा."

"मग देवाला एक मिनिट चाललं, आणि देहाला अर्धा तासच हवा होता का? अर्धा तास नाही म्हणून शून्य, हा हिशोब कुणी शिकवला तुला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताई-दादांनो, तुमच्याकडे असेल तर मला जरूर कळवा.

*नित्य आणि नैमित्तिक*

आपल्या शास्त्रात कर्माचे भाग सांगितले आहेत. नित्य कर्म म्हणजे रोज करायचं, काही झालं तरी. नैमित्तिक म्हणजे निमित्त आलं की करायचं, जसं श्राद्ध, वास्तुशांत. आपण दिव्याला नित्य कर्मात ठेवलं, म्हणून तो कुठल्याही धावपळीत टिकला. व्यायामाला मात्र नैमित्तिकात टाकलं. रिपोर्ट खराब आला की पंधरा दिवस करायचा, नवीन वर्ष लागलं की आठ दिवस, योगदिवस आला की एक दिवस.

21 जून 2023 ला आपल्या सुरतेत सुमारे दीड लाख माणसं एका वेळी योग करायला जमली आणि जागतिक विक्रम झाला. अभिमानाचीच गोष्ट आहे ती. पण विक्रम एका दिवसात होतो, शरीर एका दिवसात बनत नाही. 22 जूनला सकाळी त्यातले किती जण पुन्हा चटईवर बसले असतील, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारते.

पतंजलींनी योगसूत्रात अभ्यास कशाने पक्का होतो ते सांगितलं आहे. तीन गोष्टी लागतात. तो दीर्घकाळ चालावा, मध्ये खंड पडू नये आणि तो आदराने केलेला असावा. त्यात कुठेही "पुष्कळ करावा" असं म्हटलेलं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत अतिरेक सांगत नाहीत. खाणं, झोपणं, जागणं, काम करणं, सगळं मापात असेल त्याचाच योग दुःख दूर करतो असं सांगतात. आपण मात्र दोन टोकांवर जगतो. एक महिना अंग मोडेपर्यंत, मग सहा महिने काहीच नाही.

*औंधच्या महाराजांची गोष्ट*

सातारा जिल्ह्यात औंध म्हणून संस्थान होतं. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म 1868, निधन 1951. हे राजे स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत. औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभं केलेलं संग्रहालय आजही पाहायला मिळतं. आणि त्यांनी आपल्या हातातली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली, गांधीजींच्या सल्ल्याने, स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी.

तरुणपणी त्यांनी सँडो नावाच्या युरोपातल्या प्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम सुरू केला होता. साधनं मागवून बरीच वर्षं केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग तो नेम त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडला नाही. संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार शिकवले, राणीसाहेब आणि घरची मुलंही घालत. 1938 साली लंडनहून त्यांचं या विषयावर इंग्रजी पुस्तक निघालं. आज घरोघर माहीत असलेला सूर्यनमस्कार असा शाळाशाळांतून पोचला, त्यात या राजाचा मोठा वाटा आहे.

त्यांच्या रीतीत प्रत्येक नमस्काराला मंत्र होता, सूर्याचं नाव होतं. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावं. म्हणजे देह वाकतो तेव्हा मुखात नाम असतं. व्यायाम वेगळा आणि उपासना वेगळी, असं त्यांनी मानलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, "राजाला काय, त्याला थोडीच भांडी घासायची होती!" खरं आहे. मीही हेच म्हटलं होतं. नोकरचाकर असलेल्या राजाचा आकडा आपण धरायला जाऊ नये. आपण त्यांच्याकडून एकच शब्द उचलायचा. तो शब्द म्हणजे "रोज".

*"आम्ही दिवसभर राबतो, तेच पुरे"*

आमच्या कोसाडमध्ये घरोघरी बायका साड्यांना टिकल्या लावतात, धागे कापतात. सकाळचा स्वयंपाक आटोपला की मांडी घालून बसतात ते मुलं शाळेतून येईपर्यंत. पुरुष लूमवर किंवा मशीनवर बारा बारा तास उभे. त्यांना व्यायाम करा म्हटलं तर राग येणार, आणि येऊ दे. हक्काचा राग आहे तो.

पण डॉक्टरांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते. घरकाम हीसुद्धा हालचालच आहे, ती वाया जात नाही. पण काम शरीराचा एकच भाग पुन्हा पुन्हा वापरतं. टिकल्या लावणारीची मान खाली आणि पाठ वाकलेली. मशीनवाल्याच्या पायाला ताठरपणा. भांडी, कपडे, फरशी, सगळं पुढे वाकून. त्यामुळे एक बाजू झिजते आणि दुसरी ढिली पडते. व्यायाम म्हणजे जी बाजू कामात राहून जाते तिला दिलेला घास.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जे मार्गदर्शन दिलं त्यात मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. झपझप चालणं यात येतं. 150 मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम, आणि 65 वर्षांवरच्यांनी पडू नये म्हणून तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस. आणि सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट अशी की हे एका दमात करायला हवं असं नाही. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग हवीत असं सांगत. आता ती अटही नाही. थोडं केलं तरी ते जमेला धरलं जातं, आणि काहीच न करण्यापेक्षा थोडं करणं केव्हाही चांगलं.

म्हणजे काकूंनी जे दिव्यावरून सांगितलं, तेच हे.

*तीन पायऱ्यांचा नेम*

पाठ बरी झाल्यावर डॉक्टरांना विचारून मी असा नेम बांधला. लिहून देवघराच्या भिंतीला चिकटवला.

*पूर्ण नेम:* सगळं सुरळीत असेल त्या दिवशी. अर्धा तास चालणं आणि दहा मिनिटं डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम.

*अर्धा नेम:* पाहुणे, परीक्षा, दवाखाना असेल त्या दिवशी. पंधरा मिनिटं. गच्चीवर किंवा घरातल्या घरात नामस्मरण करत येरझाऱ्या.

*दिव्यापुरता नेम:* अगदीच काही शक्य नसेल त्या दिवशी. पाच मिनिटं. सकाळी दिवा लावला की देवघरासमोरच खुर्ची ठेवायची. हात न टेकता दहा वेळा बसायचं-उठायचं. भिंतीला हात लावून दहा वेळा टाचा उचलायच्या. हात वर ताणून पाच सावकाश श्वास. झालं.

दिवा लावणं आणि खुर्ची ओढणं मी एकमेकांना बांधून टाकलं. दिवा लागला की हात आपोआप खुर्चीकडे जातो. वेगळा वेळ शोधावा लागत नाही, कारण दिव्याची वेळ घरात कुणी मोडत नाही.

मागच्या श्रावणात कानबाईचे रोट होते. घरात पंचवीस माणसं, दळण-पुरण, रात्रभर जागरण. त्या दिवशीही पाच मिनिटं झाली. नणंद हसली, म्हणाली, "वहिनी, कानबाईपुढे उठबशा काढताय का? काय नवस बोललात?" मी म्हटलं, "हो, नवसच आहे." दुसऱ्या दिवशी तीही माझ्या शेजारी उभी होती.

केंद्रात एका दादांनी शंका काढली की जप आसनावर बसूनच व्हायला हवा, चालता चालता चालतो का? त्यांचं बरोबर आहे. जो जप नेमाने आसनावर करायचा तो आसनावरच करावा. मी त्यातला एक मणीही कमी करत नाही. पण त्यावरचं नामस्मरण चालताना करायला कुणी मना केलंय? आपल्या खानदेशातून संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते. पाचशेहून जास्त किलोमीटर, महिनाभराहून अधिक काळ. वारकरी चालतो आणि मुखाने नाम घेतो. ती वारी रोजच्या ठरल्या मुक्कामाने होते. एका दिवसात कुणी पंढरपूर गाठत नाही आणि पावसात भिजलो म्हणून कुणी वाटेतून माघारी फिरत नाही.

*खाडा पडला तर*

पडतो. माझाही पडला. मागच्या माघात ताप आला तेव्हा सहा दिवस काही केलं नाही. तापात व्यायाम करायचाच नसतो.

खाडा पडला की मनात दोन चोर शिरतात. एक म्हणतो, "मोडला ना नेम, आता पुढच्या एकादशीपासून नव्याने." दुसरा म्हणतो, "आज दुप्पट करून भरून काढ." दोघांचंही ऐकू नका. पहिला आपल्याला आळशी करतो, दुसरा कंबर मोडतो. सुतक संपलं की आपण दिव्याची भरपाई करायला दहा दिवे लावतो का? नाही. एकच दिवा लावतो, नेहमीसारखा. तसंच, बरं वाटलं की दिव्यापुरत्या नेमापासून सुरू करायचं. खाड्याचं दुःख उगाळत बसणं हाही एक प्रकारचा अहंकारच आहे, कारण त्यात "मी कसा चुकलो" यातला "मी" मोठा असतो.

*काळजीचे दोन शब्द*

गुडघे, कंबर, बीपी, साखर, हृदय यांचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. सूर्यनमस्कार चांगले आहेत, पण सगळ्यांना सारखे नाहीत. मला अजून डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही, म्हणून मी घालत नाही. बाळंतिणींनी विचारूनच करावं. छातीत दुखलं, चक्कर आली, दम फार लागला तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. तिथे नवस-अंगारा करत वेळ घालवू नका. आपले सद्गुरूही आपल्याला हेच सांगतात की औषध सोडून श्रद्धा नाही, औषधासोबत श्रद्धा.

*घरातल्या दादांना विनंती*

हा मेसेज घरच्या ग्रुपवर जाणार म्हणून मुद्दाम लिहिते. घरातल्या बाईचा व्यायाम बहुतेक वेळा आळसामुळे सुटत नाही. तिची दहा मिनिटं मोकळी करायला कुणी पुढे येत नाही, म्हणून सुटतो. दादांनो, त्या दहा मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजा, बाळाला तुम्ही घ्या, दारावर कुणी आलं तर तुम्ही उठा. आमचे हे रात्रपाळीहून दमून येतात, तरी आता म्हणतात, "तू चाल, चहा मी ठेवतो." चहात साखर विसरतात. मला ते बरंच आहे.

आणि दादांनो, तुम्हीही. पाळी संपली की गेटबाहेरच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहता, त्यातली पाच चाला. तुमच्या छातीवर सगळं घर उभं आहे.

*सेवा कुणाची*

शेवटी एकच सांगते. देह क्षणभंगुर आहे हे आपण ऐकतो आणि त्याचा अर्थ असा काढतो की मग त्याकडे कशाला बघायचं. पण पणती मातीची असते, फुटणारी असते, म्हणून आपण ती घासायची सोडतो का? उलट जपून घासतो, कारण ज्योत तिच्यातच राहते. ज्या हातांनी माऊलींची सेवा करायची, ज्या खांद्यांवर आजारी माणूस टेकवायचं, ते हात आणि ते खांदे ही सद्गुरूंनी आपल्याकडे दिलेली ठेव आहे. ठेव उधळणं म्हणजे त्याग नव्हे.

मागच्या महिन्यात आई पलंगावरून उतरताना पुन्हा कलंडल्या. या वेळी मी घाई केली नाही. खुर्ची आणली, त्यांचा उजवा हात खुर्चीवर टेकवला, गुडघ्यात वाकून बसले आणि शिकवल्याप्रमाणे त्यांना आधाराने उठवलं. दोघीही उभ्या राहिलो. आईंनी माझ्या गालावरून चांगला हात फिरवला, काही बोलल्या नाहीत.

आता रोज सकाळी मी दिवा लावून खुर्ची ओढली की आई पलंगावरून उजव्या हाताने माळेचे मणी सरकवत माझ्या उठबशा मोजतात. दहाव्या मण्याला थांबतात. मी नवव्याला थांबले तर मान हलवून नाही म्हणतात.

तर ताई-दादांनो, या चातुर्मासात जो नेम धरायचा तो जरूर धरा. त्याच्या जोडीला हा दिव्यापुरता पाच मिनिटांचा देहाचा नेम धरून बघा. एकादशीच्या सकाळी दिवा लावाल तेव्हाच सुरुवात करा. कार्तिकीला आपण पुन्हा भेटू, तेव्हा कुणाचे किती खाडे पडले ते न लाजता सांगू.

काही कमी-जास्त लिहिलं असेल तर लहान बहीण समजून पदरात घ्या. जे चांगलं असेल ते माऊलींचं, चुका माझ्या.

॥ सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏

आपली,
एक सेवेकरी ताई, कोसाड (सुरत)